माळवद झाकेपर्यंत

आमची आक्का माती चाखून बघायची. खोटं नाही सांगत. चिमूटभर माती जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे बारीक करायची आणि थुंकून म्हणायची, "खारी हाय. भेगाळंल." नाहीतर मग, "ही चालंल, ही गुणाची हाय." आपण आमटीचं मीठ बघतो ना, अगदी तसं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन सोनईजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा सगळ्या बाया नवरी बघायला दारात धावल्या आणि ही आपली परसात चूल घालत बसलेली. तिथूनच ओरडली, "ये गं धाकले! तुझ्यासाठीच घालतीय. उद्या धूर झाला तर मला शिव्या दे!"

शिव्या द्यायची वेळ कधी आली नाही. आक्काच्या चुलीला धूर म्हणून नव्हता. दोन काटक्यांवर भाकरी टम्म फुगायची. गावात कुठंही भाऊ-भाऊ वेगळे निघाले की नवी चूल घालायला बोलावणं आमच्याकडे यायचं. पण आक्का अशी लगेच उठायची नाही. म्हणायची, "आधी आठ दिस एका ताटात जेवून बघा. मंग येते." कितीतरी घरं त्या आठ दिवसांत पुन्हा एक झाली असतील, बघा. थोरले भाऊजी तिला चिडवायचे, "अगं, तू चुली घालतीस का मोडतीस?" ती म्हणायची, "जी घालू नये ती घालत न्हाई, येवढंच."

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. शेजारणीची पोरं मात्र कायम हिच्याच कडेवर. नवस सगळे सासूबाई करायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंजवळ प्रत्येक गोष्टीचा नेम होता. तिन्हीसांजेला केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये, आणि घरात पोटुशी बाई असली की घराला हात लावू नये. चूल मोडायची नाही, खिळा ठोकायचा नाही, उंबरा तर हलवायचाच नाही. पोटातल्या जिवाला धक्का लागतो म्हणायच्या. आम्ही दोघीही ते सगळं मानायचो. का म्हणून विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही.

आणि मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं काय सांगायचं, ज्यांनी बघितला त्यांना ठाऊक आहे. गुरं छावणीला गेली, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. घरात ती रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं आणि आक्का बघत होती आमच्या रिकाम्या गोठ्याकडे. एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, गोठ्याची खोली करू. गुरं न्हाईत, पाऊस न्हाई. माळवद उघडायला यापरीस चांगलं साल कंचं घावंल?" माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. पावसाच्या भीतीनं ते कोणी सहसा उघडत नाही.

आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोकांच्या तोंडात घास न्हाई, आन हिला खोली सुचती!"

"घास न्हाई म्हनूनच म्हनते. तेवढाच जीव रमंल सगळ्यांचा."

आणि खरंच रमला. संध्याकाळी कामावरून आलं की आम्ही सगळे गोठ्यात. उंबरा काढला, तुळई उतरवली, भिंत वर घेतली. अडचण होती पाण्याची. प्यायला पाणी नाही तिथं चिखलाला कुठलं? तर आक्कानं फर्मान काढलं की ज्यानं त्यानं घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि ते पाणी मातीच्या खड्ड्यात ओतायचं. भाऊजी म्हणायचे, "भिंतीला माझा वास मारंल गं." आक्का म्हणायची, "तुमच्या आंघुळी हायेतच कितीक? अर्धी भिंतबी व्हायची न्हाई." आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या वर्षी आमच्या घरात हसू कुठून यायचं असेल, तर ते त्या चिखलातूनच.

भिंतीत तिनं एक कोनाडा ठेवला, अगदी खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी विचारलं, "आक्का, येवढा खाली? ह्यात काय ठेवायचं?" म्हणाली, "मांजर बसंल की."

मग एक दिवस मी पाण्याची घागर घेऊन आत गेले, तर आक्का भिंतीआड उभी राहून माती चाखत होती. त्यात नवल काहीच नव्हतं. पण ती थुंकली नाही. चुलीतलं भाजकं ढेकूळ होतं, ते तिनं दातांनी फोडलं आणि चवीनं खाल्लं. मी बघतच राहिले.

"आक्का, गिळली का काय तुमी?"

ती लाजली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला लाजताना बघितलं. "वरडू नगं, बया. माळवद उघडं हाय अजून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मातीचे डोहाळे! तो खालचा कोनाडाही मांजरासाठी नव्हताच! आणि घरात कोणाला पत्ता नाही, कारण आक्काच्या तोंडात माती बघायची सगळ्यांना सवयच होती. मी आनंदानं उडीच मारणार होते, पण तिनं माझं मनगट धरलं. "आत्याबाईला कळलं तर काम जागच्या जागी थांबंल. पाऊस आला तर समदं घर वाहून जाईल. उघड्या घरात लेकरू आनू का मी? माळवद झाकू दे. मंग मीच सांगते. गूळ वाटते गावभर."

कोणाला संशय यायला नको म्हणून ती खडी फोडायलाही येत राहिली. पाटी डोक्यावर, आणि चालताना एक हात हळूच पोटावर. जेवायला बसलं की अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायची. "मला ही लाल भाकर जात न्हाई गं, तू खा. वाढायचं वय हाय तुझं." मला वाटायचं डोहाळ्यांनी अन्न नको झालं असेल.

माळवद झाकलं त्या दिवशी वरची पांढरी माती तिनं स्वतः थोपटली. शिडी उतरली, हातपाय धुतले, कुंकू लावलं, आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि सांगितलं. आत्याबाईंनी तिला छातीशी धरलं. रडल्या काय, हसल्या काय, देवापुढं काय पळाल्या! मग बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागल्या, आणि मोजता मोजता बोट थांबलं.

"मंजी... उंबरा काढला, तवा?"

"व्हय."

"तुळई उतरवली, तवा?"

"तवाबी."

आत्याबाई तशाच ओटीचा खण शोधायला लागल्या.

त्यांचं माहेर पुणतांबा. लगोलग आम्ही तिघी एस.टी.नं तिकडं गेलो, गंगेची ओटी भरायला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगेत पाण्याची नुसती एक धार राहिली होती. पात्रभर माणसं उभी, सगळी पाऊस मागणारी. आत्याबाई त्या धारेत गुडघे टेकून म्हणत होत्या, "लेकरू हाय, चुकलं तिचं. पोटात घाल, माय." आक्का काठावर हात जोडून उभी होती. परत येताना मी तिला विचारलं, तुम्ही काय मागितलं? ती म्हणाली, "मागितलं न्हाई काई. नुसतं सांगितलं. म्या मोडलं न्हाई गं बाई, बांधलंय."

दिवस भरायच्या आधीच ती अडली. त्याच नव्या खोलीत. मुलगी झाली. रडली नाही. मी तिला पाहिली, इतकी देखणी होती की मी अजून कोणाला नीट सांगू शकले नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी आक्काची पापणी खाली ओढून आम्हाला दाखवली. "ही बघा, पांढरी फटक. अंगात रक्त आहे कुठं? पोटात अन्न नाही आणि डोक्यावर खडी. दुसरं काय होणार होतं?" मी ऐकलं, आत्याबाईंनी ऐकलं, आक्कानंही ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

पुढं कित्येक दिवस आत्याबाई तिच्या उशाशी बसून असायच्या. केस विंचरायच्या, तोंडात पेज घालायच्या. एकदा म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नगं गं. दुष्काळानं नेलं तिला. ते उंबऱ्याचं न् चुलीचं मंजी जुन्या बायांचं बोलनं. माझ्या सासूनं मला सांगितलं, म्या तुला सांगितलं. समदं खरं थोडंच असतंय?"

आक्का शांतपणे म्हणाली, "इतकी वरसं खरं हुतं, आत्याबाई. आजच कसं खोटं झालं?"

त्या दिवसापासून आत्याबाईंनी आम्हाला एकही नेम सांगितला नाही. मी तिन्हीसांजेला केर काढला तरी बघून न बघितल्यासारखं करायच्या. म्हाताऱ्या बाईनं आपला सगळा जन्म मोडीत काढला, फक्त एवढ्यासाठी की सुनेनं एक गोष्ट खोटी मानावी. सुनेनं ती मानली नाही.

आक्कानं पुन्हा मातीला हात लावला नाही. बाया चुलीसाठी यायच्या, तर म्हणायची, "माझा हात नगं. दुसरी कुनी बघा." पुढच्या साली पाऊस आला, चांगला आला. सगळे खोलीत उभे राहून वर बघत होते. एक थेंब गळला नाही. भाऊजी बाहेर येऊन तिला म्हणाले, "ये की, बघ तरी." ती ज्वारी निवडत बसली होती, तशीच निवडत राहिली.

मग मला दिवस गेले. मी तिला सगळ्यात आधी सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला! माझ्या ताटात तूप आलं, दूध आलं, जड उचलायला बंदी आली. आणि एक दिवस ती गाठोडं बांधून दारात उभी. "भावाकडं जाऊन येते, खर्ड्याला. तू सुटलीस की येईन." मला खरं वाटलं. मी मुलगी घेऊन माहेराहून परतले तरी ती आली नव्हती. भाऊजी आणायला गेले आणि एकटेच आले. म्हणाले, "ती म्हनती, माझी सावली नगं लेकरावर." लोकांनी त्यांना दुसरी करायला सांगितलं. ते एकच म्हणायचे, "माझी बायको गावाला गेलीय." शेवटपर्यंत हेच म्हणाले. महिन्यातून एकदा एस.टी.नं तिकडं जायचे, तिच्याजवळ बसायचे आणि परत यायचे.

ती खर्ड्यालाच गेली, तापानं. त्याआधी एकदाच मी तिला भेटले. माझी लेक तेव्हा दुडूदुडू पळायला लागली होती. आक्का भावाच्या अंगणात बसली होती. लेकीला बघितलं आणि भिंतीपर्यंत मागं सरकली. "लांबूनच दाव गं. नक्षत्रावानी हाय! दिष्ट काढत जा हिची." मी म्हटलं, "आक्का, घ्या की हिला." ती नुसती मान हलवायची.

पण पोराला कुठं कळतंय? लेक माझा हात सोडून पळाली आणि धपकन जाऊन तिच्या मांडीत बसली. आक्कानं झटकन दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत चिखलानं भरलेले असावेत आणि पोराला लागायला नकोत, तसे. हात स्वच्छ होते. पोरगी तिच्या छातीला डोकं टेकून अंगठा चोखायला लागली, आणि हात आपले वरच.

मी उचलायला पुढं झाले, तशी आक्का घाईनं म्हणाली, "न्हाई लावत गं मी हात. पर बसू दे तिला. थोडं बसू दे."