तिरकी डायल

आमच्या वर्कशॉपमध्ये मीना आज इंजिनाच्या हेडवर डायल लावून वॉल्व्ह किती उघडतो ते मोजत होती. वॉल्व्ह उघडून मिटला, पण काटा शून्यावर परत आला नाही. ती सहज म्हणाली, "काका, डायल तिरकी बसलीय. माप माझंच चुकलं." स्टँड सरळ करून तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

माझा हात मात्र थांबला. असंच माप एकदा मीही घेतलं होतं. वॉल्व्ह कमी उघडतोय म्हणून, तो उघडणारा कॅमशाफ्ट घासून देणाऱ्या युसुफभाईंना चार गिऱ्हाइकांदेखत नाही नाही ते बोललो. दुसरा करून आणतो म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी लक्षात आलं, डायलच तिरकी होती. सरळ केल्यावर त्यांचा कॅम अगदी बरोबर निघाला.

चूक कळायला मला एक संध्याकाळ पुरली. ती कबूल करणं इतकं साधं असतं, हे आज मीनाकडून ऐकलं.

तेव्हा दोनच दिवसांनी युसुफभाई दुसरा कॅम घेऊन आले होते. तो बसवून मी म्हणालो, "आता कसं बरोबर झालं."

ते खाली बघत म्हणाले, "मागचा चुकलाच असेल, शेठ. माफ करा."

आणि मी त्यांना माफही केलं.