अप्पांचा नारळ आणि माझी फसलेली फिल्म

माझ्या डॉक्युमेंटरीचा व्हिलन काल गेला.

सकाळपासून रडतेय आणि मधेच हसतेय. आईने दोनदा विचारलं, बरी आहेस ना?

मन्मथअप्पा. कंधारजवळच्या एका गावातले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की म्हणायचे, "इथं पाणी हाय." लोक तिथेच बोर घ्यायचे.

चाळीस वर्षं हे काम केलं. एक नारळ आणि एक उपरणं, याउपर कोणाकडून काही घेतलं नाही.

आणि मी लातूरची शहाणी. कॅमेरा घेऊन गेले, या नारळामागचं विज्ञान सांगायला.

फिल्म अगदी मन लावून केली होती. स्लो मोशनमध्ये उठणारा नारळ, मागे तबला. मग नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या शेख मॅडम. खडकाच्या भेगा, पाण्याचे थर, मनगटाची नकळत होणारी हालचाल. सगळं ॲनिमेशनसकट.

पहिला शो अप्पांच्याच गावात, मंदिराच्या सभामंडपात ठेवला.

नारळ उठला. शिट्ट्या पडल्या!

मॅडम आल्या. लोक चहाला उठले.

शो संपल्यावर शेजारच्या गावांतून आलेल्या तिघांनी अप्पांचा मोबाईल नंबर मागितला. बोरसाठी.

मी गाडीत बसून चक्क रडले. सगळी सेव्हिंग त्या फिल्ममध्ये घातली होती, आणि निघाली ती अप्पांची जाहिरात.

अप्पा खिडकीशी आले. "पोरी, लोकायनं नारळ बघितला. मॅडमचं कोनी ऐकलं न्हाई."

"दिसलं मला, अप्पा."

"आन ते मागून बोलणारं कोन हाय? बातम्या देऊन राहिलं की काय?"

(तो माझ्या फिल्मचा व्हॉइसओव्हर. पुण्याहून करून आणला होता.)

मग म्हणाले, "तुला खरं खोटं करायचंय ना? मग मला तपास की. मॅडमला बी बोलव. माझा नारळ खोटा निघायचा न्हाई."

पैजेचा जोर होता आवाजात. माझ्याकडून वचन घेतलं, काहीही निघालं तरी दाखवायचं. त्यांना खात्री होती की तेच जिंकणार.

शेख मॅडमनी सोपी परीक्षा ठरवली. आधी उघड्या डोळ्यांनी चालायचं. नारळ उठेल तिथे चुन्याची खूण. मग डोळे बांधून, हाताला धरून, उलटसुलट वाटेने तेच शेत.

उघड्या डोळ्यांनी चार खुणा झाल्या.

मग अप्पांनी आपलंच उपरणं डोळ्यांना बांधलं. "गाठ घट्ट मार," मला म्हणाले.

नारळ तीनदा उठला. तीनही वेळा कोऱ्या जमिनीवर. चारही खुणांवरून अप्पा सरळ चालत गेले आणि नारळ हातावर झोपलेला.

उपरणं सोडून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि बांधावर बसले.

मला ते बघवेना. मी कॅमेरा बंद केला.

"का बंद केलीस? नारळ उठला तवा चालू व्हता. आता बी चालू ठेव."

मी कॅमेरा चालू केला. अप्पा आपल्या हाताकडे बघत होते. मग मॅडमना म्हणाले, "मी लबाडी केली न्हाई, मॅडम."

मॅडम शेजारी बसल्या. "माहीत आहे, अप्पा. हात हलतो ते तुम्हालाच कळत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा, बसवराजचा फोन आला. "ताई, हे दाखवलं तर अप्पा गावात तोंड कसं दाखवतील?"

खरं सांगते, मी फुटेज डिलीट करायला निघाले होते. वचनबिचन गेलं खड्ड्यात. पण आधी लॅपटॉप घेऊन अप्पांकडे गेले.

त्यांनी दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा हसायला लागले. "बघ की कसा ऐटीत चाललोय! डोळे बांधून!"

मग म्हणाले, "ठेव. माझ्यामुळं ज्यायचे बोर कोरडे गेले, त्यायला कळू दे."

नवी फिल्म झाली. तबला नाही, पुण्याचा आवाज नाही. आणि प्रत्येक शोला अप्पा स्वतः. एसटीने यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि स्वतःवरच सगळ्यात मोठ्याने हसायचे. चहा प्यायला एक माणूस उठायचा नाही.

काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या. "विज्ञानवाल्यांनी फोडलं म्हाताऱ्याला," असंही ऐकलं. अप्पा म्हणायचे, "फोडलं न्हाई रे बाबा, डोळे बांधले निस्ते."

मग हदगावचा शो.

फिल्म संपली आणि मागून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील.

"अप्पा, आमच्या रानात तुमीच नारळ फिरवला व्हता. बोर कोरडा गेला. मी तवा नवी नवरी. समदे म्हनले, ही पांढऱ्या पायाची हाय, हिच्यामुळंच पाणी गेलं. आजून म्हणतेत."

मी पहिल्या रांगेकडे, अप्पांकडे पाहिलं.

अप्पा उठले. टोपी काढली. रांगांमधून चालत त्यांच्यापर्यंत गेले आणि हात जोडले.

"माय, पाय तुझे चांगले हायत. चुकला तो माझा हात."

बाई ढसाढसा रडल्या. मग पदराने तोंड पुसून शेजारी बसलेल्या सासूकडे वळल्या.

"ऐकलंत का, आत्याबाई?"

सगळा हॉल हसला. सासूही हसली, जरा उशिरा. मग तिने सुनेचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

इतकी वर्षं मी लोकांना विज्ञान समजावत फिरले. ते कोणाच्या तरी आयुष्यात पोहोचलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, ते त्या दिवशी. आणि पोहोचवलं अप्पांनी.

आज त्यांना माती दिली.

तुम्ही निरोप घेताना म्हणायचात तसं, शरणार्थ, अप्पा. लई आठवण येईल.