सुई टेकली त्या दिवशी

"माफी माग म्हाताऱ्या. तुझ्या पायामुळं सुई टेकली."

लॅबचे सर मला म्हणाले, सगळ्यांच्या देखत. पुण्याचे पाहुणे, संशोधन करणारी पोरं. आणि हातात चहाचा ट्रे घेऊन दारात मी. अनवाणी. सर माझ्या पोराच्या वयाचे.

सोलापुरात एका कॉलेजच्या तळघरात ही लॅब हाय. मी तितं फरशी पुसतो, हेलियमच्या टाक्या ढकलतो. शाळा दुसरीपर्यंत. पण तितलं मशीन काय करतं ते पोरांनी सांगितलंय. एक धातू. लई गार केला की त्यातनं वीज कुटंच न अडता जाते. इतका गार, की बर्फ त्याच्यापुढं चुलीतला निखारा. त्याच्यावर सुई फिरते. टेकत न्हाय. मधी नजरेला न दिसणारी फट ठेवून धातूचा कण न् कण बघते. शेजारी कुणी पाय आपटला तर सुई टेकते आणि पोरांच्या मेहनतीची माती होते. म्हणून नेम हाय. सुई चालू असली की पायताण दाराबाहेर.

मला हा नेम कुणी शिकवायला लागला न्हाय. मंगळवेढ्याकडं आमी मेंढरं घेऊन फिरायचो. रानाच्या मालकाच्या वाटेवर आलं की, त्याचा मान म्हणून, बाप पायताण काढून काखेत धरायचा. मलाबी धरायला लावायचा. तापल्या मातीत.

त्या दिवशी पाहुणे बूट घालूनच आत आले. संशोधनातली एक पोरगी काही बोलायला गेली, तर सर हसत म्हणाले, "राहू दे गं, पाहुणे आहेत." त्यातल्या एकानं फरशीवर बूट आपटला. "एवढ्यानंसुद्धा हलतं?" पडद्यावरची रेघ उडाली. सुई टेकली.

सरांनी पाहुण्यांकडं बघितलं न्हाय. माझ्याकडं बघितलं आणि माफी माग म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला.

"बूट त्यांचा वाजला, सर. मी माफी मागणार न्हाय."

"काम नको वाटतं तुला?"

"काम पायजे की. माफी न्हाय."

पोरं खाली बघत होती. त्यांची डिग्री सरांच्या हातात. बघू द्या खाली. माझी मान मी कुणाच्या हातात दिली न्हाय.

अजून काढलं न्हाय मला. काढतील तवा काढतील. तवर त्या दारात मी उभा हाय. सुई चालू असली की पायताण बाहेर. पाहुण्यांचं. सरांचंबी. न काढील त्याला मी आडवा.

माझा बाप पायताण काखेत धरून गेला. आता ह्यांनी काढायचं.