लहानू मिस्त्री आणि आडवा पाऊस

लहानू मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भर पावसात आमच्या वाचनालयाच्या दारापुढे पालथा पडला होता. प्यालेला असावा, असं माझ्या सुशिक्षित मनात लगेच आलं. मान न वळवता तो म्हणाला, “मास्तर, पानी पान्याच्या उंचीवरून पाहा लागते. उभ्यानं पाह्यलं त निस्ता पाऊस दिसते.”

हिंगणघाटचं आमचं वाचनालय म्हणजे मुळात एका व्यापाऱ्याचं मोटार-गॅरेज. मोटार विकली गेली, पुस्तकं आली. दोन फळ्यांचं दार मात्र तेच राहिलं आणि त्याखालची चार बोटांची फटही. नदीकडून वारा सुटला की पाऊस आडवा व्हायचा आणि फटीतून थेट कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत यायचा. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब. मी चिटणीस; त्यांनी मला बजावलं होतं, पुन्हा पुस्तकं भिजली तर वाचनालय बंद आणि गॅरेज सरकी साठवायला. गावात मी नुकताच आलेला मास्तर; शाळा सुटल्यावर जायला मला दुसरी जागा नव्हती.

लहानू कापसाच्या जिनात यंत्रांचे पट्टे जोडायचा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरचा तो पहिला पावसाळा. त्याआधी तो दाराबाहेर उभा राहून वर्तमानपत्र ऐकायचा, असं मागून कळलं. आता आत बाकावर बसून, अक्षरावर बोट ठेवून वाचायचा. पाणी कुठून शिरतं ते पाहून त्याने स्वतःहून दाराखाली बुटका दगडी उंबरठा बसवला. वर जिनातल्या जुन्या कातडी पट्ट्याची झालर दाराला बाहेरून ठोकायची, असं त्याचं म्हणणं.

“वाऱ्यासंग भांडू नोका. त्याले कामाले लावा. तो जेवढा ढकलन, तेवढा पट्टा गोट्याले चिपकन.”

वकीलसाहेबांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “सरस्वतीच्या मंदिराच्या उंबऱ्यावर चामडं?”

“साहेब, आतल्या त्या जाड्या पुस्तकाइच्या पाठीले काय लावलं हाय?”

ती जाडी पुस्तकं साहेबांनीच भेट दिलेली होती. त्यांनी निकाल दिला: पट्टा लावा, पण आतून, दिसता कामा नये.

“उलटं होऊन राह्यलं, मास्तर,” असं पुटपुटत लहानूने खिळे ठोकले.

चार दिवसांनी वाऱ्याने तो पट्टा आत उचलला आणि पाणी पूर्वीसारखंच आलं. एक प्रवासवर्णन पार भिजलं. लहानूने ते दोन्ही हातांत धरलं. “माह्या हातानं बुडालं.”

“साहेबांच्या हुकमाने बुडालं,” मी म्हणालो.

“हुकूम नाई भिजत, मास्तर. पुस्तक भिजते.”

साहेबांना कळायच्या आत ते तो वाळवायला घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कुणालाही न विचारता पट्टा बाहेरून लावला.

पुढचा पाऊस दुपारी आला. दारं लावून आम्ही आत बसलो. झरोक्यातून हिरवट उजेड येत होता; कपाटं, बाक, लहानूचा चेहरा, सगळं तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसत होतं. बाहेर गाव उरलंय की नाही, कळत नव्हतं. वारा दारावर रेलायचा आणि पट्टा दगडाला लागून झोपलेल्या जनावरासारखा श्वास घ्यायचा. जमीन कोरडी होती. किती वेळ गेला कोण जाणे. बोललो असतो तर जाग आली असती.

पाऊस ओसरल्यावर वकीलसाहेब आले. त्यांनी चिखलाचे चामडी बूट त्या पट्ट्यावर व्यवस्थित पुसले, आत पाहिलं आणि म्हणाले, “समितीच्या प्रयत्नांना यश आलं म्हणायचं!” इतिवृत्तात मी तसंच लिहिलं.

पुढे लहानू भिलाईकडे कामाला गेला. “येजा कधी तिकडं,” म्हणाला. मी गेलो नाही. दोन वर्षांनी तो तापाने गेल्याचं कळलं आणि पाठोपाठ त्याच्या बायकोने पाठवलेलं ते प्रवासवर्णन आलं. चिकटलेली पानं सोडवताना जिथे जिथे अक्षरं उडाली होती, तिथे तिथे त्याने शिसपेन्सिलीने, अंदाजाने, शब्द भरले होते. बरेच बरोबर होते. एका ओळीत मूळ शब्द ‘परका किनारा’ असे होते, मला पाठ होते. लहानूने लिहिलं होतं, ‘आपला किनारा’.

दुरुस्त करायला मी पेन्सिल उचलली होती. मग ती ठेवून दिली आणि पुस्तक वरच्या कप्प्यात लावलं.