मान खाली घालायचा सीन

न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीच्या कोर्टवर मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. मागच्या वर्षी तिथे सिनेमावाले आले. व्यावसायिक बास्केटबॉलच्या धंद्यावरचा सिनेमा, म्हणजे संघमालक, एजंट, करार वगैरे. मी एकेकाळी अशाच एका लीगमध्ये खेळले होते, म्हणून खेळाचे प्रसंग बसवायचं काम माझ्याकडे आलं. खेळाडू म्हणून माझ्याच आठ मुली घेतल्या.

खिदिरपूरच्या एका रिकाम्या गोदामात सेट होता. तिसऱ्या दिवशी कराराचा सीन. मालक कागद टेबलावर आपटतो, "सही करा, नाहीतर घरी जा" म्हणतो आणि मुली मान खाली घालून एकेक सही करतात.

मी दिग्दर्शकाला म्हटलं, "आम्ही अशा सह्या केल्या नव्हत्या. तीन वर्षं दुसरीकडे कुठेच खेळायचं नाही, अशी अट होती. अख्खी टीम उठून गेली होती."

तो हसला. "दीदी, तुम्ही ड्रिब्लिंग बघा. गोष्ट आम्ही बघतो."

त्या उठून जाण्यानं माझं खेळणं संपलं होतं. बाबा बँकेच्या बदलीवर या परप्रांतात आलेले, दुसऱ्या क्लबात शब्द टाकायला कुणाची ओळख नाही. 'एक सही केली असतीस तर' हे घरी किती वर्षं ऐकलं! पण पश्चात्ताप एक दिवसही झाला नाही. आणि हा माणूस माझ्या मुलींना मान खाली घालायला लावणार?

"चला, बॅगा उचला," मी म्हटलं.

मुली गोंधळल्या. मग सगळ्यांत धाकटीनं चेंडू काखेत मारला आणि सरळ दाराकडे निघाली. बाकीच्या तिच्यामागे.

दोन तास शूटिंग बंद. शेवटी दिग्दर्शक बाहेर चहाच्या टपरीवर आला.

"एक मुलगी सही करणार नाही. चालेल?"

"आणि का करणार नाही, ते बोलणार."

"बरं, बोलेल."

सिनेमात तो सीन अर्धं मिनिट टिकला. श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. फोन केला तर "राहून गेलं" म्हणाले. राहू दे.

नंतर महिन्याभरानं धाकटीला एका क्लबचा करार आला. आम्ही दोघींनी कोर्टच्या पायरीवर बसून त्यातल्या चार अटी खोडल्या. क्लबनं दोन मान्य केल्या. उरलेल्या दोन अटींसाठी ती अजून भांडतेय.