दुपारी तीनचे पोहे

माझ्या पोटाचा पहिला जाहीर उल्लेख झाला तो दौंडच्या मैदानावर, शंभरएक पोरींच्या देखत. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. आमच्या खेळाच्या सरांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून मुलींचा खो-खोचा संघ घेऊन मला जावं लागलं. सामन्याला पंच होती दौंडच्याच एका शाळेतली बाई. पंजाबी ड्रेसवर खेळाचे बूट, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की शेजारच्या मैदानावरचा सामनाही थांबावा.

आमच्या पोरी हरायला लागल्या तसा मी त्यांना सूचना देत देत रेषेपाशी सरकत गेलो. शिट्टी वाजली.

"सर, रेषेच्या मागं व्हा."

मी झालो. पुन्हा शिट्टी.

"पाय गेले मागं. पोट अजून आतच आहे."

सगळं मैदान हसलं. सगळ्यांत जास्त आमच्याच पोरी हसल्या. परतीच्या एसटीत मी रागवायचा खूप प्रयत्न केला, पण जमेना. डोळ्यांपुढं नुसती ती शिट्टीवाली येत होती. असं काही मला आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळं झालंय काय हे कळेपर्यंत शिरूर आलं.

आमच्याकडं असल्या गोष्टी मामांना सांगायच्या असतात. मामांनी पंधरा दिवसांत सगळी माहिती काढली. मुलीचे वडील रेल्वेत गार्ड, राहायला रेल्वे कॉलनीत, मूळचे आपल्यातलेच, पाहुणेपणही बसत होतं. "समदं जुळतंय," मामा म्हणाले, "पण पोरगी खेळातली हाय. आन् तू..." त्यांनी मला खांद्यापासून खाली बघायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. पुढं बोलायची गरज नव्हती.

दिवाळीचा फराळ मात्र मी संपवला. तो टाकवेना. त्यानंतर शिरूरमधल्या नव्या जिममध्ये नाव घातलं. जिम होती खतांच्या दुकानाच्या माडीवर, त्यामुळं दंड फुगले की युरियाचा वास यायचा. तिथले सर पूर्वीचे पैलवान. त्यांनी सायबर कॅफेतून काही कागद छापून आणले होते. त्या आहाराचं नाव पॅलिओ. माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खायचा तेवढंच खायचं: मटण, अंडी, मासे, पाला, फळं. भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही, दूध नाही. शेंगदाणासुद्धा नाही. रताळी-बिताळी चालतात असं कागदावर होतं, पण पोट लवकर उतरावं म्हणून मीच ती वगळली. सकाळी उठून टेकडीपर्यंत पळायचं, आल्यावर जोर-बैठका, संध्याकाळी शाळा सुटली की जिममध्ये वजनं.

घरी हे सांगितलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, नुकतेच वावरातून येऊन टेकले होते. आमची केंदूरच्या शिवारात बाजरी आणि कांदा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी शेती व्हायच्या आधीचं खायाचं?"

"हो."

"मग हे वावर काय करू? इकू?"

मी म्हणालो, आपले पणजोबा मेंढरांमागं हिंडायचे, त्यांची शेती कुठं होती? यावर आप्पा पहिल्यांदा चिडले. "अरं, मेंढरामागं जाणारा माणूस बी फडक्यात भाकरीच बांधून न्यायचा. रोज एक मेंढरू कापलं आस्तं, तर मागं जायाला काय राहिलं आस्तं?"

आईची अडचण निराळी होती. आमच्या घरात धान्य न खाणाऱ्या माणसाला एकच नाव होतं, उपासकरी. भाकरी नको म्हटलं की आई आपोआप मला देवाच्या बाजूला ठेवायची, आणि लगेच माझ्या ताटातलं मटण बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. शेजारच्या काकूंनी तर माझा काहीतरी कडक नवस आहे असं समजून साबुदाण्याची खिचडी आणून दिली. मी नको म्हणालो, त्यात दाण्याचं कूट होतं. काकू आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खिचडी चालत न्हाई आन् तंगडी चालती, आसला कोन देव हाय गं?"

पण पोट उतरलं. होळीचे दिवस जवळ येईपर्यंत पट्ट्याला नवी भोकं पाडून घ्यावी लागली. मी आरशासमोर बाजूनं वळून उभा राहायला लागलो. सकाळी टेकडीवर पोहोचलो की वाटायचं, आता दौंडच्या मैदानात कुठल्याही रेषेवर उभं करा. खरंच फार आनंदात होतो मी.

घोटाळा व्हायचा तो दुपारी.

जेवणाची सुट्टी संपली की थोड्या वेळानं पायांतून काहीतरी निघून जायला लागायचं. आधी पोटऱ्या जड व्हायच्या, मग खांदे. मग डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं आणि समोरच्या मुलाचं नाव आठवायचं नाही. तीनच्या सुमाराला तर डोळ्यांवर अशी झापड यायची की वर्गात बॉम्ब पडला असता तरी मी म्हणालो असतो, उद्या बघू. एकदा नववीला फळ्यावर हृदयाची आकृती काढता काढता मी उभ्या उभ्या झोपलो. खडूची रेघ महाधमनीतून निघाली ती थेट फळ्याच्या चौकटीवर गेली. पोरं मोठी हुशार. सर जागे झाले तर शिकवतील म्हणून सगळी श्वास रोखून गप्प बसली. बाहेरून जाणारे मुख्याध्यापक त्या शांततेनं थक्क झाले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी माझ्या वर्गाच्या शिस्तीचं कौतुक केलं.

जिमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "शरीर बदलतंय. सोसा." मी सोसत होतो. शाळेत झोपलं तरी नोकरी जात नव्हती.

अशात मामांचा निरोप आला. मुलगी बघायला रविवारी बोलावलंय, दुपारी तीन वाजता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, सकाळचं होणार नाही का? मामा म्हणाले, मुलीचे वडील मालगाडी घेऊन सकाळी येणार, जरा आडवे होणार, मग तीन. रेल्वेचं टाइमटेबल तुझ्यासाठी बदलायचं का? आता मला एवढंच हवं होतं: तीन ते चार जागं राहायचं, आणि त्या मुलीला पसंत पडायचं. जन्मात दुसरं काही मागितलं नसतं.

आणि त्या रविवारी सकाळी मी काय करावं? छाती जरा भरलेली दिसावी म्हणून दुप्पट जोर काढले. टेकडीवरही दोनदा जाऊन आलो. दुपारी मटण खाल्लं, बिनभाकरीचं, आणि भाड्याच्या जीपमध्ये आप्पा, आई, मामा यांच्याबरोबर बसलो.

वाटेत न्हावरे गावाच्या पुढं आईनं बजावलं, "आज तुजं ते ऱ्हाऊ दे. पव्हं येतील ते खायाचं. न्हाई खाल्लं तर त्यांना वाटंल पोरगी नापसंत."

"खातो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो. तिच्यासाठी मी पोतंभर पोहे खाल्ले असते.

रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर छोटं आणि नीटनेटकं होतं. वर पंखा, खाली सतरंजी, बाहेर यार्डात डबे जोडल्याचा धाडधाड आवाज. मुलीचे वडील चांगले उंचेपुरे, आवाज अगदी खालच्या पट्टीतला, संथ. मामांनी बसल्या बसल्या माझं कौतुक सुरू केलं. पोरगं रोज पळतं, अंडी-मटणाशिवाय बोलत नाही, आत्तासुद्धा मटण खाऊनच निघालोय. मी ताठ बसून होतो. डोक्यात कापूस भरायला सुरुवात झाली होती.

मग ती आली. साडी नेसली होती, पण चाल तीच, मैदानावरची. माझ्यासमोर पोह्यांची बशी धरली आणि तिची नजर आधी गेली ती माझ्या पोटावर. पोट तिथं नव्हतं. तिनं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. एवढे दिवस सोसलेल्याचं सार्थक झालं. मी बशी दोन्ही हातांनी घेतली. वर खोबरं होतं, कोथिंबीर होती, लिंबाची फोड होती. आता खायचे, असं मी ठरवलं. तिचे वडील दौंडहून मनमाडकडं जाणाऱ्या मालगाड्यांविषयी काहीतरी संथपणे सांगत होते...

मी दचकून जागा झालो. आईनं पदर तोंडाला लावला होता. आप्पा पंख्याकडं बघत होते. बशी माझ्या हातात होती आणि पोहे गार झाले होते.

तिचे वडील म्हणाले, "मी रात्रभर गाडीवर होतो, आन् झोपलात तुम्ही."

मामा एकदम पुढं सरसावले. "त्याचं काय हाय, पोराचा आज उपास हाय. म्हणून जरा गळाल्यागत झालंय. पव्ह्याला बी हात न्हाई लावला, बघा."

दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं विचारलं, "पण आत्ताच तर म्हणालात, मटण खाऊन निघालो?"

मामांनी घाईनं पोह्यांचा मोठा घास तोंडात भरला. आमच्या शेजारच्या काकू तिथं असत्या तर त्यांना फार बरं वाटलं असतं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा तीच बोलली. सरळ माझ्याकडं बघून, पंचाच्या आवाजात. "काय खाता तुम्ही दिवसभर?"

मी सगळं सांगितलं. टेकडी, जोर, वजनं, मटण, अंडी. भाकरी नाही, भात नाही, काहीच नाही.

"आणि दुपारी असं रोज होतं?"

"रोज."

"होणारच. चुलीत लाकूड न घालता आधण ठेवलंय तुम्ही." ती आत गेली आणि उकडलेली रताळी घेऊन आली. त्या दिवशी उपास खरा होता, पण तो तिच्या आईचा. "हे चालतं का तुमच्या त्या जुन्या माणसांना? जमिनीतून उकरून काढलेलं आहे."

मी रताळी खाल्ली. मग गार पोहेही खाल्ले, शेवटच्या दाण्यापर्यंत. थोड्या वेळानं अंगात धुगधुगी आली आणि डोकं ताळ्यावर आलं, पण तोवर सगळे उठले होते. तिचे वडील दाराशी हात जोडून म्हणाले, "कळवतो."

आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक असतं. जीप परत निघाली. शिरूर यायच्या आधी आप्पांनी एवढंच विचारलं, "भाकरी खाशील ना आता?" मी मान हलवली. त्या रात्री घरात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी टक्क जागा होतो आणि म्हणून जास्तच दुःखी होतो. नववीच्या पोरांना त्या दिवशी महाधमनी पूर्ण समजली.

आठवड्यानं मामांच्या मोबाइलवर फोन आला. मामा शाळेतच येऊन धडकले, भर तासाला. "पोरगी व्हय म्हणली!" सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मी मामांना दोनदा विचारलं की नक्की आपल्यालाच केला होता ना फोन?

लग्नानंतर मी तिला पुष्कळदा विचारलं, पसंत केलंस ते काय बघून? ती टाळायची. पोट बघून, म्हणायची. तेही भाकरीबरोबर थोडं थोडं परत यायला लागलं होतं. व्यायाम मी सोडला नाही, तिनं सोडू दिला नाही, पण तो आता माणसात राहून करायचा होता.

आमची मुलगी झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुट्टी होती, दुपारची जेवणं झाली होती आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. आता कुठला आहार नव्हता, मेहनत नव्हती, साधी दुपारची पेंग होती. बायकोनं तान्ही पोर आणून माझ्या हातांवर ठेवली. आई उठलीच. "त्याच्याकडं नगो दिऊस, बाई. डुलकी लागंल त्याला."

"लागू द्या," बायको म्हणाली. "त्या दिवशी आमच्या घरी झोपले, आठवतं ना? मान छातीवर, तोंड उघडं. माझी आई बशी काढून घ्यायला निघाली होती. मीच थांब म्हणाले. बघत होते, कधी सांडतात पोहे. यांची मान गेली, खांदे गेले, पण बशी सरळच्या सरळ. एक दाणा खाली पडला नाही."

आई माझ्याकडं बघायला लागली. मीही स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"तेव्हाच ठरवलं मी," बायको म्हणाली आणि धुणं घेऊन बाहेर गेली.

पोर माझ्या हातांवर केव्हाच झोपली होती. तीन वाजत आले होते. मी डोळे मिटले.