सरळ केलेले खांब

मैसूरमधल्या आमच्या विठ्ठल मंदिराच्या दगडी मंडपावर लग्नकार्यासाठी सिमेंटचा हॉल बांधायचं समाजाने ठरवलं, तेव्हा मी विरोध केला नव्हता. खालचे खांब वजन पेलतील का ते आधी बघू, एवढंच म्हणालो होतो.

बारापैकी नऊ खांबांचे वरचे दगड खालच्या दगडांवरून सरकलेले होते. मी ओळंबा लावून मोजलं होतं. अर्ध्यापासून पाऊण इंचापर्यंत, आणि सगळे उत्तरेकडेच. पाया खचला असता तर एक इकडे कलला असता, एक तिकडे. जवळच तलकाडला वाळूत गाडली गेलेली देवळं बघताना भूशास्त्राच्या एक प्राध्यापिका भेटल्या होत्या. जुन्या बांधकामांतल्या भेगा आणि सरकलेले दगड तपासून त्या पूर्वीचे भूकंप शोधत. माझे आकडे ऐकून त्या म्हणाल्या, "भूकंपच असेल असं नाही. पण एकाच दिशेला म्हणताय, तर मला बघू द्या. तोवर काही हलवू नका. इथे पूर्वी हादरा बसला असेल तर तो पुन्हाही बसू शकतो. मग हॉलचा विचार वेगळा करावा लागेल." रविवारी यायचं त्यांनी कबूल केलं.

समाजाचे अध्यक्ष माझे मामाच, पेशाने टेलर. त्यांना दुकानात जाऊन सांगितलं.

"मैसूरला कसला भूकंप रे? शिवण उसवली की आम्ही टाका घालतो. कशी उसवली ते विचारायला पाहुणे बोलावत नाही."

"मामा, रविवारपर्यंत थांबा फक्त."

"आयतु, आयतु," असा कानडीत होकार देऊन ते मशीन चालवू लागले.

तो होकार मी खरा धरला. पण मधेच एकादशी होती, आणि एकादशीआधी देवळाची डागडुजी मजूर न लावता आपल्याच लोकांनी सेवा म्हणून करायची, ही आमची पद्धत. मेटगळ्ळीच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी जॅक आणले, भजन म्हणत सगळे दगड रेषेत बसवले, सांधे सिमेंटने भरले, वरून चुना फासला. मी दर्शनाला गेलो तर मामा म्हणाले, "लाव की आता तुझा ओळंबा."

रविवारी बाई आल्या. फोटो आहेत का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे नुसते आकडे.

"तुमच्यावर विश्वास आहे. पण मी स्वतः पाहिलेलं नाही. आता इथे पुरावा म्हणावं असं काही उरलेलं नाही."

"ऐकलंस?" मामा मला म्हणाले. "पुरावा नाही."

"होता, तो तुम्ही बुजवलात. पुरावा नाही म्हणजे भूकंप झाला नाही, असं होत नाही."

"इतक्या जणांनी घाम गाळला, आणि तुला त्यात खोटच दिसते."

पुढच्या सभेत त्यांनी सांगितलं, की मोठ्या तज्ज्ञ येऊन गेल्या, भूकंपाचा पुरावा नाही म्हणाल्या. निदान हॉलचं वजन नव्या, वेगळ्या खांबांवर घ्या, असं मी सुचवलं. "जुने सरळ उभे आहेत की," असं उत्तर आलं. ठरावाला सगळ्यांचे हात वर झाले, माझा सोडून.

हॉल झाला. माझ्या मुलीचं लग्न ठरल्यावर मामांनी तो आपणहून देऊ केला. मी नको म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी दर एकादशीला जातो, दर्शन घेतो आणि मंडपात न टेकता बाहेर येतो.